ऑफ-ग्रिड घर, लिथियम बॅटरी पहाटे अचानक बसते. लोड कमी करू की दुसरी बॅटरी घेऊ?

सड्यावरचं_घर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होणारे, आधीच सांगतो. आमचं घर दापोली तालुक्यात, गावापासून लांब सड्यावर, चिऱ्याचं घर आणि भोवती कलमं. लायटीचा खांब बराच खाली आहे आणि तिथून वर लाइन आणायचा खर्च ऐकल्यावर नानांनी (माझे वडील, वय ७४) सरळ सांगितलं की त्यापेक्षा सोलर कर. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, खाली गावात खांब आडवे झाले होते आणि लोक कित्येक दिवस अंधारात होते ते त्यांनी बघितलेलं, त्यामुळे खांबावर त्यांचा तसाही फार जीव नाही.

तर दोन वर्षांपूर्वी बसवलं. ५४० वॅटची ६ पॅनल, ५ किलोवॅटचा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर, ५१.२ व्होल्ट १०० एएचची (अँपियर-अवर) एक लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी. घरात फ्रिज, पंखे ३, टीव्ही, एलईडी, राउटर आणि दोन कॅमेरे, मिक्सर, कधीमधी इंडक्शन आणि विहिरीवर १ एचपीचा पंप. आईनाना दोघंच असतात, मी पुण्यात. मोबाइलवर अ‍ॅप आहे त्यात मला सगळं दिसतं, म्हणजे दिसतं असं मला वाटत होतं.

प्रॉब्लेम असा की या पावसाळ्यापासून आठवड्यातनं दोनतीनदा पहाटे पाचच्या सुमारास घर बंद पडतं. आणि अ‍ॅप बघावं तर ३८ टक्के, ३६ टक्के, एकदा तर ४१ दाखवत होतं आणि पुढच्या मिनिटाला सगळं गुल. नानांचा फोन, "अरे तो डबा परत मेला." मग उजाडलं, थोडं ऊन आलं की आपोआप चालू होतं. कळस झाला गणपतीत. घरात अकरा माणसं, संध्याकाळची आरती चालू, "सुखकर्ता" नुकतं सुरू झालेलं आणि अंधार. कुणीतरी झब्बा इस्त्री करत होतं, कुणी इंडक्शनवर चहा टाकलेला आणि त्यातच कुणीतरी पंप चालू केला. आरती समईच्या उजेडात झाली, छानच वाटली खरं तर, पण नंतर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं ना ते अजून आठवतं.

आता ज्याने बसवलं तो म्हणतो बॅटरी लहान पडते, अजून एक घ्या, सव्वा लाख. माझा साधा प्रश्न आहे की बॅटरी दोन वर्षांत खराब झाली का? लोड कसा सांभाळायचा म्हणजे ती टिकेल? दुसरी घ्यायची माझी तयारी आहे पण तीही दोन वर्षांत अशीच होणार असेल तर काय उपयोग.

वायरमन_सातारा

दुसरी बॅटरी घेऊ नका. निदान आज तरी नको. आधी चार गोष्टी सांगा मग बोलू. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरी टाइप काय टाकलाय? बॅटरी कुठे ठेवलीय? बीएमएसच्या (बॅटरीच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट) अ‍ॅपमध्ये एकेका सेलचा व्होल्टेज दिसतो तो फोटो काढा, एक फोटो बॅटरी भरत आलेली असताना आणि एक पहाटे बंद पडायच्या वेळचा. आणि पहाटे पाचला घरात कोण काय चालू करतं?

सड्यावरचं_घर

@वायरमन_सातारा व्हिडिओ कॉलवर नानांकडून सगळं काढून घेतलं, दीड तास गेला त्यात. बॅटरी टाइपला एफएलडी लिहिलंय. बॅटरी पडवीवरच्या माळ्यावर आहे, खाली उंदीर म्हणून वर ठेवली, वरती पत्रा आहे. सेलचे आकडे असे, दुपारी भरताना ३ नंबरचा सेल ३.६२ आणि ७ नंबरचा ३.३७, बाकीचे या दोघांच्या मधे. पहाटे बंद पडल्यावर ७ नंबर २.७१ आणि बाकीचे ३.१ च्या आसपास.

आणि पाच वाजता काय चालू होतं विचारलं तर नाना म्हणाले काही नाही. आई मागून म्हणाली, "पंप लावता ना." तर नाना रोज पाचला उठून टाकी भरतात, अर्धा तास पंप. लोडशेडिंगच्या काळात खालच्या घरात असताना पहाटेच लाइट असायची तेव्हापासूनची सवय. मला दोन वर्षं हे माहीतच नव्हतं!

वायरमन_सातारा

घ्या, सापडला की चोर. एक नाही, तीन चोर आहेत. सविस्तर लिहितो, कारण ही केस मला महिन्याला दोन तरी येतात आणि दरवेळी लोक बॅटरीला शिव्या घालतात.

पहिला चोर सेटिंगमधला. एफएलडी म्हणजे पाणी घालायची जुनी लेड अ‍ॅसिड बॅटरी. त्या सेटिंगला इन्व्हर्टर ५८.४ व्होल्टपर्यंत चार्ज करतो, तुमच्या बॅटरीत १६ सेल आहेत, भागून बघा, ३.६५ प्रत्येकी, म्हणजे एलएफपी सेलची अगदी वरची हद्द. रोज गळ्यापर्यंत भरायचं काही कारण नाही, ३.४५ ला पोचली तरी जवळपास पूर्णच भरते. आणि खालचा कट-ऑफ बघा, ४२ व्होल्टवर असेल, सोळाने भागला तर २.६. म्हणजे इन्व्हर्टर थांबतच नाही, बीएमएसला मधे पडून तोडावं लागतं. बीएमएस म्हणजे घरचा शेवटचा फ्यूज समजा, रोज रात्री त्याच्या भरवशावर झोपायचं नसतं. इक्वलायझेशन, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं, चालू आहे का तेही बघा, चालू असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करा, लिथियमला त्याचा काडीचा उपयोग नाही, झाला तर अपायच.

दुसरा चोर अ‍ॅपवरचा टक्का. तुम्हाला वाटतं ३८ टक्के आहे, तसं नाहीये. एलएफपीचा व्होल्टेज सपाट असतो, ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत सेल ३.३ च्या आगेमागेच रेंगाळतो, त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरली ते कळतच नाही. म्हणून बीएमएस आत किती करंट गेला बाहेर किती आला याची खतावणी ठेवतो. आता ही खतावणी रोज थोडी थोडी चुकते, कारण बारीक करंट त्याला नीट मोजता येत नाही, आणि बॅटरी पूर्ण भरली की तो हिशोब १०० वर आणून परत कोरी वही उघडतो. तुमच्याकडे जुलै ऑगस्टमध्ये कुठली बॅटरी पूर्ण भरायला? आणि उघडीप मिळाली त्या दिवशी काय झालं असेल, ३ नंबरचा सेल आधीच पुढे होता तो ३.६५ ला पोचला, बीएमएसने चार्जिंग तोडलं आणि १०० लिहून मोकळा झाला. बाकीचे पंधरा अजून अर्धपोटीच. पंगतीत एकाने हात धुतला की सगळ्यांनी उठायचं, अशी ही पंगत आहे. उतरताना उलटं, ७ नंबर सर्वात आधी रिकामा झाला की बाकीच्यांकडे शिल्लक असूनही दुकान बंद. याला इम्बॅलन्स म्हणतात, खराबी नाही. बहुतेक वेळा दुरुस्त होतो.

तिसरा चोर म्हणजे नानांचा पंप, आणि त्यांचा राग मानू नका, वेळ चुकीची आहे एवढंच. १ एचपी चालताना अकराशे वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चारपाच पट खेचतो. दुपारी बॅटरी भरलेली, वरून पॅनल छाती काढून उभी, तेव्हा तो झटका कुणाला कळतही नाही. पहाटे पाचला पॅनल शून्य, बॅटरी तळाला, आणि सर्वात कमजोर सेलवर हा झटका. व्होल्टेज खाली बसतो, बीएमएस तोडतो.

आता हिशोब करू, वही काढा. रात्री सात ते सकाळी सात. पंखे ३, जुने असतील तर ७० वॅट धरा, नऊ तास, झाले १.९ युनिट. इन्व्हर्टर स्वतःच पोसायला ५५ वॅट खातो, काही चालू नसलं तरी, बारा तासांचे ०.६५ युनिट. हे कोणी मोजतच नाही. फ्रिज ०.४, राउटर कॅमेरे ३० वॅट म्हणजे ०.३५, टीव्ही आणि दिवे मिळून ०.३५. बेरीज ३.६५. बॅटरी ५.१२ युनिटची पण इन्व्हर्टरमधला घाटा वजा जाता हातात साधारण ४.६ येतात, आणि संध्याकाळी ती ९० टक्केच भरलेली असेल तर ४.१५. त्यात पहाटे पंपाचे ०.५५ टाका. ३.६५ अधिक ०.५५ म्हणजे ४.२. आता सांगा अंधार का होतो ते!

गणपतीचं वेगळं. इस्त्री हजार, इंडक्शन अठराशे, पंप अकराशे, झाले ३९०० वॅट. ५० व्होल्टला ते बॅटरीतून ८५-९० अँपियर होतात, पंप सुरू होतानाचा झटका धरला की शंभराच्या पार. शंभर एएचच्या बॅटरीतून सतत शंभर अँपियर काढणं म्हणजे बैलाला रोज चढावर पळवणं. पन्नासच्या आत ठेवा, म्हणजे एकावेळी सव्वादोन किलोवॅटच्या आत. सेलच्या डेटाशीटवर ते सहा हजार सायकल वगैरे लिहिलेलं असतं ना, ते त्याच निम्म्या करंटला आणि २५ डिग्रीला असतं. त्यावरून आठवलं, ती बॅटरी पत्र्याखालून आधी खाली आणा. मे महिन्यात माळ्यावर किती असतं कधी मोजलंय?

माडाखालची

मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, सगळं सोलरवर, त्यामुळे ही गजाल माझ्या रोजच्या जेवणातली. वायरमन भाऊंनी मशीनचं सांगितलं, मी माणसांचं सांगते कारण लोड मशीन लावत नाहीत, माणसं लावतात.

आमच्याकडे पहिल्या वर्षी पाहुण्यांनी हेअर ड्रायर, केटली आणि इस्त्री तिन्ही एका वेळेला लावलं की खटकन बंद. बोर्डावर सूचना लावून बघितली, कोणी वाचत नाही. मग वायरिंगवाल्याकडून जड बोर्ड वेगळा करून घेतला. इस्त्री, केटली, मिक्सर, इंडक्शनचे पॉइंट सगळे एकाच वेगळ्या एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), १० अँपियरची. दोन-तीन जड वस्तू एकदम लावल्या की ती एमसीबी पडते, बाकी घराला काही होत नाही, पंखा फ्रिज चालूच. ज्याने लावलं त्यालाच उठून जावं लागतं. दोन दिवसांत पाहुणे सुद्धा शिकतात.

गिझर तर आम्ही ठेवलाच नाही. आंघोळीला परसात तांब्याचा बंब, नारळाची सोडणं आणि झावळ्या जाळायला फुकट मिळतात, आणि मुंबईचे पाहुणे त्या बंबाचे फोटो काढतात तो भाग वेगळा. दोन हजार वॅटचा गिझर बॅटरीवर चालवणं म्हणजे पाणी तापवायला सोनं जाळणं.

आणि पाण्याचं माझं मत असं की टाकी हीच खरी बॅटरी आहे. एक हजार लिटर पाणी वर चढवून ठेवलं की ती साठवलेली वीजच झाली, आणि ती ना गरम होते ना तिचे सेल बिघडतात. पंपाला टायमर लावा, अकरा ते दोन. मोठी टाकी लागली तर घ्या, बॅटरीपेक्षा किती तरी स्वस्त. वाटण सुद्धा मी दुपारीच करून फ्रिजमध्ये टाकते, धुण्याचं मशीन बाराला. फ्रिजमध्ये फ्रीजरला पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा, रात्री कॉम्प्रेसर कमी लागतो.

तीन पंखे आधी बदला हो. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ वॅटवर चालतो. तीन हजाराच्या आसपास एक. सव्वा लाखाच्या बॅटरीआधी दहा हजाराचे पंखे!

ईव्हीवाला_नगर

सगळ्यांचं वाचलं पण एक गोष्ट कोणी बोललंच नाही. लिथियम कधीच १०० टक्के करायची नसते, २० ते ८० मध्येच ठेवायची. माझी स्कूटर तीन वर्षं झाली, ८० च्या वर नेत नाही, रेंज जशीच्या तशी. सरळ इन्व्हर्टरला ८० टक्क्यांवर चार्जिंग बंद करा, बॅटरी दुप्पट टिकेल.

वायरमन_सातारा

@ईव्हीवाला_नगर स्कूटरचं बरोबर असेल भाऊ, पण बहुतेक स्कूटरमध्ये एनएमसी (वेगळ्या जातीचे लिथियम) सेल असतात, ४.२ व्होल्टपर्यंत जाणारे, ते भरलेले ठेवले की लवकर म्हातारे होतात. हे एलएफपी आहे. एलएफपीलासुद्धा भरून नुसतं ठेवलेलं आवडत नाही हे खरं, पण ८० वर रोज थांबलात तर बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, कधी होणार? बहुतेक बीएमएस सेल ३.४ च्या वर गेल्याशिवाय बॅलन्सिंग सुरूच करत नाही. सड्यावरच्या दादांचा जो रोग आहे ना, ३ नंबर पुढे ७ नंबर मागे, तो तुमच्या औषधाने अजून वाढेल, वर टक्क्याची खतावणी आणखी चुकेल. एलएफपीच्या गाड्यांना तर कंपन्या स्वतःच सांगतात की आठवड्यातून एकदा १०० करा.

तर मधला मार्ग. भरायची, पण ३.६५ ला नाही. भरली की फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचा व्होल्टेज) खाली आणायचा म्हणजे ती वरच्या टोकाला तासन्‌तास लटकत नाही.

ईव्हीवाला_नगर

ओके हे माहीत नव्हतं. सगळ्यांना सारखंच असतं वाटलेलं.

मेपलमधला_मराठी

मी कॅनडात, ऑन्टारिओमध्ये, तळ्याकाठी एक लाकडी घर आहे तिथे हीच सिस्टीम, त्यामुळे माझं दुखणं बरोब्बर उलटं. तुम्ही उन्हापासून वाचवताय, मी थंडीपासून. शून्याच्या खाली एलएफपी चार्ज केली की लिथियम धातू होऊन आत थर धरतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये घर बंद करताना बॅटरी काढून गाडीत घालतो आणि टोरांटोच्या बेसमेंटमध्ये आणून ठेवतो. बायको तिला तिसरं मूल म्हणते.

सांगायचं एवढंच की आईनाना पुण्याला महिनाभर येणार असतील आणि घर बंद राहणार असेल तर बॅटरी भरून ठेवून जाऊ नका. ५०-६० टक्क्यांवर आणा, आधी पॅनलचा आयसोलेटर (पॅनल तोडायचा स्विच) बंद, मग इन्व्हर्टर, मग बॅटरीचा ब्रेकर. हा क्रम उलटा करू नका, पॅनल चालू असताना बॅटरी काढली तर चार्ज कंट्रोलरवर बेतू शकतं. इन्व्हर्टर तसाच चालू ठेवून गेलात आणि पॅनलवर काही पडलं, फांदी वगैरे, तर तो ५५ वॅटचा उपाशी प्राणी चार दिवसांत बॅटरी तळाला नेईल.

सड्यावरचं_घर

सगळ्यांचे आभार, इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. @वायरमन_सातारा सेटिंगचे नेमके आकडे द्याल का, आणि तो इम्बॅलन्स घालवायचा कसा? पुढच्या शनिवारी गावी जातोय.

वायरमन_सातारा

आधी बॅटरीसोबत आलेलं पुस्तक बघा, त्यात वेगळं लिहिलं असेल तर ते प्रमाण, वॉरंटी त्यांची आहे. नसेल तर हे करा. या जातीच्या बऱ्याच इन्व्हर्टरांत ५ नंबरला बॅटरी टाइप असतो तो यूएसई म्हणजे युजर करा. २६ नंबरला बल्क, म्हणजे भरायचा व्होल्टेज, ५५.२. २७ ला फ्लोट, तो शेवटी ५३.६ ठेवायचाय पण पहिले दोन आठवडे तोही ५५.२ ठेवा. २९ ला कट-ऑफ ४८. ३० ला इक्वलायझेशन, बंद. चार्जिंग करंट सध्या २० अँपियर, पुढे ४० करा, त्याच्या वर गरज नाही.

दोन आठवडे का ते सांगतो. बीएमएसमधला बॅलन्सर फार चिंगूस असतो, शंभर मिलीअँपियर वगैरे, पुढे गेलेल्या सेलमधून थेंब थेंब सांडतो. तुमचा ७ नंबर चार एएच मागे आहे धरा, तर चाळीस तास लागणार. आणि हे चाळीस तास बॅटरी वरच्या टोकाला असतानाचेच मोजायचे, दिवसाला तीन तास मिळाले तरी पुष्कळ. म्हणून घाई करायची नाही, सेल उघडून वेगळा चार्ज करायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

बॅटरी हलवताना अंगठी घड्याळ कडं सगळं काढा. पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. ५१ व्होल्टचा शॉक फारसा बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात पण दोन टर्मिनलमध्ये पान्हा पडला तर हजारो अँपियर वाहतात, मी एकदा पान्ह्याचं टोक मेणासारखं गळताना बघितलंय. आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टने बसणारी कडी, घट्ट करा. दुपारी जड लोड चालू असताना केबलच्या लगच्या बाजूला, इन्सुलेशनवर, हाताची पाठ लावून बघा, एकच लग बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो सैल आहे.

माडाखालची

इन्व्हर्टरच्या जाळीतून पाल शिरते ती पण बघा हं. आमचं एक बोर्ड तसंच गेलं. बारीक जाळी लावा बाहेरून, पण पंख्याची हवा अडणार नाही अशी.

सड्यावरचं_घर

अपडेट देतो, दसरा झाला, सेटिंग बदलून तीन आठवडे उलटले.

बॅटरी खाली आणली. ४६ किलोची आहे हे पुस्तकात वाचलं होतं पण माळ्याच्या शिडीवरून उतरवताना ४६ किलो म्हणजे काय ते कळलं, मी, चुलतभाऊ आणि खालच्या वाडीतला एकजण, तिघांनी गोणपाटात बांधून दोरीने सोडली. आता माजघरात, चिऱ्याच्या भिंतीला टेकून नाही, वीतभर पुढे, खाली लाकडी पाट. उंदरांसाठी केबल पीव्हीसी पाइपातून घेतल्या. माळ्यावर थर्मामीटर ठेवून बघितला, ऑक्टोबरच्या दुपारी दोनला ४१, त्याच वेळी माजघरात २९. मे महिन्याचा विचारही नको.

सेटिंग सांगितली तशी केली. इक्वलायझेशन खरंच चालू होतं, दर तीस दिवसांनी. ज्याने बसवलं त्याला फोन केला तर म्हणाला सगळ्यांना हीच सेटिंग टाकतो. मी काही बोललो नाही.

सेल नं. ३ आणि ७ मधला फरक पहिल्या दिवशी २५० मिलीव्होल्ट होता, आठव्या दिवशी १४०, काल ३५. रोज दुपारी ऑफिसात जेवताना बघायचं व्यसनच लागलं, सहकाऱ्यांना वाटतं शेअर बघतोय. पंखे तिन्ही बदलले, आई म्हणते आवाज येत नाही त्यामुळे चालू आहे की बंद कळत नाही. जड बोर्ड दिवाळीत करून घेणार आहे, इस्त्रीवाले सगळे परत येणारेत. कालपरवा सकाळी सातला अ‍ॅपवर ४४ टक्के होते, आणि आता या ४४ वर माझा थोडा तरी विश्वास आहे.

पंपाचं मात्र सोपं गेलं नाही. टायमर लावला, साडेअकरा ते बारा. तर नाना पहाटे पाचला उठून टायमरला बगल देऊन हातानेच चालू करायचे, कारण सकाळी टाकी भरलेली नसली की त्यांना घर भरलेलं वाटत नाही. शेवटी त्यांना वहीत हिशोब मांडून दाखवला, पंख्याचे एवढे, फ्रिजचे एवढे, पंपाचे एवढे, पेन्शनच्या हिशोबासारखा. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, मग आधी का नाही सांगितलंस, मी काय रोज उगाच तुझ्या बॅटरीचा जीव घेत होतो काय. आता ते खडूने पंपाच्या स्विचवर "ऊन आल्यावर" असं लिहून बसलेत आणि परवा आईने दहाला पंप लावला तर तिला ओरडले, अजून ऊन पुरेसं नाही म्हणून.

दुसरी बॅटरी सध्या घेत नाहीये. ज्याने बसवलं त्याचा दोनदा फोन येऊन गेला.

वायरमन_सातारा

मस्त. आता फ्लोट ५३.६ करा, विसरू नका, दोन आठवडे कधीच संपले. पुढेमागे दुसरी घ्याल तर जुनीला जोडायच्या आधी दोघींचा व्होल्टेज सारखा करून घ्या आणि केबलची लांबी अगदी सारखी ठेवा, नाहीतर जवळची राबते आणि लांबची बसून खाते. लग बघितले का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

सड्यावरचं_घर

लग राहिले. उद्या नानांना सांगतो, जड लोड चालू करून हाताची पाठ लावून बघायला. दुपारी बाराला, अर्थात.